‘सी.एस.ए.’ पहिल्यांदा बघणार असाल तर: तयारी, क्रम आणि फसण्याच्या जागा

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण ‘सी.एस.ए.: द कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका’ बघायला बसलो होतो. सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तेवढ्यात एक जण वैतागला. “फुकटवालं अकाउंट आहे का रे? जाहिराती कसल्या लागतायत?” जाहिरात विम्याची होती आणि ती सिनेमाचाच भाग होती, हे कळायला आम्हाला आणखी दोन जाहिराती जाव्या लागल्या. दुसऱ्या मित्राला बराच वेळ हा बीबीसीचा खराखुरा माहितीपट वाटत होता. लिंकन कॅनडात म्हातारा होऊन वारला, हे ऐकल्यावर मात्र त्यानं गुपचूप फोन काढला. शेवटी पडद्यावर अक्षरं यायला लागली. ती श्रेयनामावली समजून मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकायला गेलो. सिनेमाचा सगळ्यांत जोरदार फटका त्या अक्षरांत होता, हे मला आठवड्यानं एकट्यानं पुन्हा बघताना कळलं.

त्यानंतर हा सिनेमा मी तीनदा वेगवेगळ्या मंडळींना दाखवला आणि दर वेळी वेगळ्या जागी फसलो. तुम्ही त्याच खड्ड्यांत पडू नये म्हणून हे लिहितोय.

सिनेमा कसला आहे ते थोडक्यात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं (‘कॉन्फेडरेट’ म्हणजे हीच) जिंकली असती तर, ही कल्पना. दिग्दर्शक केव्हिन विल्मॉट हे कृष्णवर्णीय आणि तेव्हा कॅन्सस विद्यापीठात सिनेमा शिकवणारे प्राध्यापक. पुढे स्पाइक लीच्या ‘ब्लॅकक्लॅन्समन’च्या पटकथेसाठी त्यांना इतरांसोबत ऑस्करही मिळालं. ‘सी.एस.ए.’ २००४ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि २००६ मध्ये थिएटरात आला. एका ब्रिटिश वाहिनीनं केलेला माहितीपट आज, गुलामगिरी अजून चालू असलेल्या अमेरिकेत, टीव्हीवर लागलाय असं सोंग सिनेमानं घेतलंय. त्यामुळे मधेमधे तिथल्या जाहिराती येतात. सुरुवातीची सूचनाच सांगते की हा कार्यक्रम मुलांनी आणि नोकरांनी बघण्याजोगा नसू शकतो. त्यातला ‘नोकर’ हा शब्द सुटू देऊ नका.

काय काय लागेल

- सिनेमा, अधिकृत ठिकाणाहून घेतलेला. लांबी सुमारे दीड तास.
- इंग्रजी सबटायटल. दक्षिणेकडचे हेल आणि जुन्या माहितीपटांची नक्कल, दोन्ही कानाला जड जातात.
- अमेरिकेचा १८६१ चा नकाशा. फुटून निघालेली ११ राज्यं रंगवलेली असली की पुरे.
- तारखांचा एक कागद (पायरी १).
- तीन रकाने आखलेली वही (पायरी ३).
- सिनेमानंतर मोकळा तासभर. हा नसेल तर दुसऱ्या दिवशी बघा.

१. आधी तारखांचा कागद करा

अशा सिनेमांचा विनोद खऱ्या इतिहासाच्या खांद्यावर बसलेला असतो. तो इतिहास ठाऊक नसेल तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात, आणि उरलेले निम्मे खरे वाटतात, ते जास्त वाईट. कागदावर एवढं लिहा.

१८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ३९.५ लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं. १ जानेवारी १८६३ रोजी उत्तरेचा राष्ट्राध्यक्ष लिंकननं गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. त्याच वर्षी १ ते ३ जुलै गेटिसबर्गची लढाई झाली आणि दक्षिण हरली. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या जनरल लीनं उत्तरेच्या जनरल ग्रँटपुढे शरणागती पत्करली. पाचच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील, ही फट ठेवून.

फसण्याची जागा: तुमच्या मंडळींत एक तरी जण म्हणेल, “युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून होतं.” हरल्यानंतर दक्षिणेनं पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगितलेली ही गोष्ट आहे आणि ‘सी.एस.ए.’चा खरा नेम तिच्यावर आहे. वाद घालत बसू नका. कॉन्फेडरेट उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरात काय बोलला, तेवढं वाचून दाखवा. आपल्या नव्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे तत्त्व, असं तो भर सभेत बोलला होता.

२. फाटा कुठे फुटतो ते धरून ठेवा

पर्यायी इतिहासात कुठेतरी एक सांधा बदललेला असतो. आपल्याला हे नवीन नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते, आणि पुढचा सगळा इतिहास दुसऱ्या रुळावर जातो. ‘सी.एस.ए.’मध्ये हा सांधा लढाईत नाही, मुत्सद्देगिरीत आहे. ज्यूडा बेंजामिन हा दक्षिणेचा मंत्री ब्रिटन आणि फ्रान्सला आपल्या बाजूनं उतरवतो. त्यांच्या जोरावर गेटिसबर्ग जिंकलं जातं आणि शरण लीऐवजी ग्रँट येतो.

इथे थांबून विचारा: हे होऊ शकलं असतं का? दक्षिणेची आशा खरोखर हीच होती. लँकेशायरच्या गिरण्या आमच्या कापसावर चालतात, कापूस थांबवला की ब्रिटन धावत येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. ब्रिटनकडे आधीचा साठा होता, गुलामगिरीची बाजू घेणं तिथल्या लोकमताला पचणारं नव्हतं, आणि कापूस दुसरीकडून मिळाला: इजिप्तमधून, आणि आपल्याकडून. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाडचा कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जायला लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरचा सट्टा, बॅक बेची भराव योजना, कापूस आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद (त्यांच्याच आईचं नाव राजाबाई टॉवरला आहे) हे सगळं त्या चार वर्षांतलं. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या.

सिनेमात मुंबईचं नावही येत नाही. पण आपला एखादा पणजोबा वऱ्हाडात कापूस पिकवत असेल, तर बेंजामिनचा डाव फसण्यात त्याचाही बोटभर हात आहे. मला तर हे कळल्यापासून गेटिसबर्गचा तो प्रसंग परका वाटत नाही.

३. वहीत तीन रकाने: ‘घडलं’, ‘घडू घातलं होतं’, ‘पदरचं’

ही पायरी सोडू नका. सिनेमा चालू असताना जे विचित्र वाटेल ते टिपा. संपल्यावर प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका रकान्यात टाका. पहिल्यांदा करताना माझा ‘पदरचं’चा रकाना भरून वाहत होता. शोधाशोध केल्यावर त्यातल्या निम्म्या गोष्टी डावीकडे सरकवाव्या लागल्या. नमुन्यादाखल माझ्या वहीतली चार पानं सांगतो.

पळून जाणाऱ्या गुलामांचा ‘आजार’, त्यावरची संस्था, त्यावरचं औषध. मी हे हसत हसत ‘पदरचं’मध्ये टाकलं होतं. आजार खरा, म्हणजे तो शोधणारा डॉक्टर खरा. सॅम्युएल कार्टराइटनं १८५१ मध्ये ‘ड्रॅपेटोमेनिया’ हे नाव देऊन तो न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. गुलाम पळतो कारण त्याच्या मनाला रोग जडलाय, असं त्याचं निदान. आणि उपायांत चाबूकही होता. रकाना: घडलं. संस्था आणि औषध तेवढं पदरचं.

टीव्हीवरची गुलामांची घरबसल्या खरेदी, कुटुंब एकत्र हवं की सुटं या पर्यायासह. तंत्र पदरचं, व्यवहार घडलेला. मार्च १८५९ मध्ये सव्हानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसांचा लिलाव झाला होता. छापील यादी होती, वय आणि काम लिहिलेलं होतं.

जिंकलेली दक्षिण खाली मेक्सिकोपासून पुढे साम्राज्य पसरवत जाते. हा दुसरा रकाना, ‘घडू घातलं होतं’. क्युबा घ्यावं ही दक्षिणेतल्या पुढाऱ्यांची जुनी हाव. विल्यम वॉकर नावाचा टेनेसीचा माणूस तर खासगी फौज घेऊन निकाराग्वात घुसला, १८५६ मध्ये तिथला अध्यक्ष होऊन बसला आणि त्यानं गुलामगिरी पुन्हा कायदेशीर करून टाकली.

चौथं पान माझं सगळ्यांत आवडतं. सिनेमात १९१५ च्या एका मूकपटाची नक्कल आहे. तोंडाला काळं फासलेला लिंकन गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनच्या मदतीनं पळून जाताना पकडला जातो. हा शुद्ध चावटपणा वाटतो. पण खऱ्या इतिहासात मे १८६५ मध्ये कॉन्फेडरेट अध्यक्ष जेफरसन डेव्हिस जॉर्जियात पकडला गेला तेव्हा त्याच्या अंगावर बायकोची शाल होती. उत्तरेच्या व्यंगचित्रकारांनी त्याला घेरदार झगा नेसवून महिनोन्‌महिने करमणूक करून घेतली. विल्मॉटनं तो झगा उलटा करून लिंकनला चढवलाय, असं मला वाटतं. आणि ज्या मूकपटाची नक्कल आहे, तो ग्रिफिथचा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ १९१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सननं व्हाइट हाउसमध्ये दाखवून घेतला होता. त्यात ‘कू क्लक्स क्लॅन’ या वर्णद्वेषी संघटनेचे पांढऱ्या बुरख्यातले लोक नायक आहेत. म्हणजे ‘युद्ध जिंकणाऱ्या दक्षिणेचा सिनेमा’ दक्षिण युद्ध हरूनही निघालाच.

४. जाहिराती वगळू नका, त्याच मूळ सिनेमा आहेत

माहितीपटाच्या भागात थोडं रेंगाळायला होतं, हे मान्य. विशेषतः विसाव्या शतकाचा भाग घाईत उरकलाय. जपानवर आधी हल्ला, हिटलरशी दोस्ती, कॅनडाशी शीतयुद्ध, कॅनडात पळालेलं रॉक-अँड-रोल: एकेक कल्पना मजेशीर, पण यादी वाचल्यासारखी येते. जाहिराती मात्र एकही वाया गेलेली नाही. विम्याची जाहिरात पुन्हा बघा. सुखी कुटुंब, हिरवळ, मऊ आवाज, आणि ‘मालमत्ते’चं संरक्षण. ती मालमत्ता कोण, हे कळायला नजर चौकटीच्या कडेला न्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी कंपन्या गुलामांच्या जिवाचा विमा खरोखर उतरवत असत. पैसे अर्थातच मालकाला. २००० मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा करून विमा कंपन्यांना जुनी दप्तरं उघडायला लावली, तेव्हा त्या पॉलिसींतली नावं बाहेर आली.

५. शेवटच्या पाट्या संपेपर्यंत उठू नका

या पाट्या सांगतात की जाहिरातींतली कितीतरी उत्पादनं खरी होती. ‘कून चिकन इन’ हे खाणावळींचं जाळं १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झालं आणि १९५० च्या दशकापर्यंत चाललं. ‘कून’ ही काळ्या माणसाला दिलेली शिवी, आणि आत जायचा दरवाजा म्हणजे हसणाऱ्या काळ्या वेटरचं उघडं तोंड. ‘डार्की’ (हीही तसलीच शिवी) टूथपेस्ट तर आपल्या आशियातली. हाँगकाँग, तैवान, मलेशियात घरोघरी असायची. १९८९ मध्ये तिचं एक अक्षर बदलून ‘डार्ली’ केलं गेलं. पॅनकेकच्या पिठाचं ‘आन्ट जेमायमा’ हे काळ्या मोलकरणीच्या साच्यातलं नाव २०२१ पर्यंत अमेरिकेच्या दुकानांत होतं. आपल्याकडच्या गोरेपणाच्या क्रीमनं नाव बदललं तेही २०२० मध्येच, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

फसण्याची जागा: पाट्या आधीच सांगून टाकू नका. (होय, मी आत्ता तेच केलंय. तुम्ही दाखवणार आहात म्हणून. बघणाऱ्यांना हा लेख पाठवू नका.)

६. हसू आलं तर कुणावर, ते बघा

दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा मागच्या रांगेतले दोघे भलत्याच जागी खदखदत होते. गोरा बोलणारा मूर्ख ठरत होता तिथे नाही, काळा माणूस डोळे फिरवतो तिथे. त्यांचा फार दोष नव्हता. आपण असले विदूषकी काळे नोकर जुन्या अमेरिकी कार्टूनमध्ये पाहून वाढलोय आणि सिनेमा मुद्दाम तीच नक्कल करतो. तेव्हा मी सिनेमा थांबवून व्याख्यान दिलं. ही चूक करू नका, सगळ्यांचा मूड गेला. आता मी संपल्यावर एकच प्रश्न विचारतो: “तुम्ही ज्या जागी मोठ्यानं हसलात, तिथे थट्टा कुणाची होती?” उत्तर शोधताना लोक आपोआप चाचपडतात.

शिवाय हे आधीच सांगून ठेवा की सिनेमात शिव्या आहेत, मारहाणीची जुनी छायाचित्रं आहेत. लहान मुलांना बसवू नका.

७. पुढे काय बघाल, कुठल्या क्रमानं

खरं तर ‘सी.एस.ए.’च्याही आधी अर्ध्या तासाचा ऑस्ट्रेलियन ‘बाबाकिउएरिया’ (१९८६) बघा. गणवेशातले आदिवासी होडीतून उतरतात, सहलीला आलेल्या गोऱ्यांना विचारतात, या जागेला काय म्हणतात? गोरे गोंधळून सांगतात, ‘बार्बेक्यू एरिया’. झालं, देशाचं नाव बाबाकिउएरिया. मग एक आदिवासी निवेदिका ‘नमुनेदार गोऱ्या कुटुंबा’चा कनवाळू अभ्यास करते. हा प्रकार काय असतो हे समजायला यासारखा सोपा पाठ नाही.

नंतर बेनिनच्या सिल्व्हेस्त्र आमूसूचा ‘आफ्रिका पारादी’ (२००६). यात फाटा मागे नसून पुढे आहे: २०३३ मध्ये युरोप कंगाल, आफ्रिका श्रीमंत, आणि एक बेकार फ्रेंच जोडपं चोरून आफ्रिकेत शिरू बघतंय. कारागिरी साधी आहे, पण व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही त्यातला अपमान नेमका कळेल.

१९९५ चा ‘व्हाइट मॅन्स बर्डन’ शेवटी ठेवा, किंवा ठेवूच नका. श्रीमंत काळे, गरीब गोरे. हॅरी बेलाफॉन्टे मालक, जॉन ट्राव्होल्टा कामगार. नटसंच चांगला, कल्पना कागदावर छान. पण जग असं उलटं का झालं याचा इतिहासच नाही, नुसते रंग बदललेत. त्यामुळे तो सोंगट्यांची अदलाबदल केलेल्या बुद्धिबळासारखा वाटतो, डाव तोच. तिन्ही रकाने रिकामे राहिले की हे असं होतं.

आणि न बनलेल्या एका मालिकेबद्दल वाचा. २०१७ च्या जुलैमध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या दोन्ही कर्त्यांनी एचबीओसाठी ‘कॉन्फेडरेट’ जाहीर केली. कल्पना जवळपास हीच: दक्षिण टिकली, गुलामगिरी आजही चालू. अमेरिकेत इतका विरोध झाला की मालिका बारगळली. विल्मॉटला हसून दाद देणारे इथे का भडकले, यावर आमच्याकडे तासभर भांडण झालं. माझं मत: विल्मॉटचा सिनेमा सतत सांगतो की हे काल्पनिक जग तुमच्या खऱ्या जगापासून वीतभरच लांब आहे. भव्य सेटवरची नाट्यमय मालिका ते सांगू शकली असती का, याची लोकांना खात्री नव्हती. तुमचं मत वेगळं असू शकेल.

८. जातीचा विषय निघणारच. तो कधी काढायचा

आपल्याकडे दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, “आपल्याकडे पण हेच.” लगेच दुसरा म्हणतो, “आपल्याकडे एवढं नव्हतं.” आणि सिनेमा राहतो बाजूला. माझा नियम असा की पहिला अर्धा तास फक्त अमेरिका. लिलाव, कापूस, विमा, त्यांचे तपशील. त्यानंतर जोतीराव.

कारण हा धागा ओढूनताणून जोडलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं. तेराव्या घटनादुरुस्तीला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुस्तकाची घडण बघा: जोतीराव आणि धोंडीबा यांची प्रश्नोत्तरं, आणि मत्स्य, कच्छ, वराह अशा एकेका अवताराची गोष्ट उलटी करून, खवचटपणे, हरलेल्यांच्या बाजूनं सांगितलेली. जिंकलेल्यांनी लिहिलेली कथा घ्यायची आणि तिच्याच शब्दांनी तिची फजिती करायची, हे तंत्र पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी वापरून झालंय. धोंडीबाचे दोन-चार प्रश्न मोठ्यानं वाचा. दर वेळी खोलीतलं वातावरण बदललेलं मी पाहिलंय. तुलना कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे लोक मग जास्त सावधपणे बोलतात.

९. चार भिंतींबाहेर दाखवायचा असेल तर

घरच्या अकाउंटवरून सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा ग्रंथालयात खेळ लावू नका. सार्वजनिक खेळासाठी हक्क असणाऱ्यांची लेखी परवानगी आणि सेन्सॉरचा प्रश्न दोन्ही येतात. जवळच्या फिल्म सोसायटीला मधे घेतलंत तर निम्मं काम हलकं होतं. परवानगीला आठवडे लागतात हे धरून तारीख ठरवा. परवानगी मागताना पोस्टरचा मजकूरही सोबत पाठवा. आम्ही सिनेमातल्याच एका जाहिरातीची नक्कल पोस्टरवर टाकली होती आणि इमारतीतल्या एका गृहस्थांनी ती खरी समजून तक्रार केली. आता पोस्टरवर ‘उपरोधिक चित्रपट’ हे शब्द नावाहून मोठ्या टायपात असतात. चहा थर्मासमध्ये आधीच भरून ठेवतो, आणि लॅपटॉपजवळ दुसऱ्या कुणालातरी बसवतो.